ल माँची तजवीज

ज्या प्रवासाचे प्रयोजन एखादे देऊळ, एखादा डोंगर किंवा एखादी राजधानी असते, त्या प्रवासात माणसाला बरीच सवलत असते. देवदर्शनाला चार दिवसांचा उशीर झाला तरी देव रागावत नाही, डोंगर जागचा हलत नाही, आणि राजवाडे तर राजे गेल्यानंतरही तिकीट काढून येणाऱ्यांसाठी शतकानुशतके उघडे असतात. शर्यतीचे तसे नाही. जून महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी चार वाजता ती सुरू होते, रविवारी दुपारी चार वाजता संपते, आणि मधल्या काळात जो तेथे हजर नसेल त्याला पुढच्या वर्षापर्यंत कोणताही अर्ज, कोणतीही शिफारस, कोणताही वशिला उपयोगी पडत नाही. फ्रान्सातील ल माँ या गावची चोवीस तासांची मोटारशर्यत पाहावयास जावे, असा बेत आमच्या घरात निघाला, तेव्हा त्यातला उत्साहाचा भाग मी तरुणांकडे सोपवला आणि बंदोबस्ताचा भाग स्वतःकडे घेतला. कारण वय झाल्यावर माणसाला जी थोडी कामे खरोखर चांगली जमतात, त्यांत कागदपत्रे नीट लावणे हे एक आहे.

बेत एकमुखाने ठरला असे मात्र नाही. आमचे मेहुणे पिंपरीच्या एका मोटार-कारखान्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेले, आणि यंत्राविषयी ते जे बोलतील ते आमच्या घरात प्रमाण. त्यांचा कौल मोनॅकोच्या बाजूने पडला. "दाजी, एवढा खर्च करून जायचंच, तर समुद्र तरी दिसला पाहिजे," हा त्यांचा युक्तिवाद. पॅरिसला नोकरीनिमित्त राहणारा माझा पुतण्या फोनवरून एवढेच म्हणाला, "काका, ल माँ. दुसरं काही नको." त्याच्या या हट्टाचे मूळ एका हॉलिवूडच्या चित्रपटात होते. 1966 साली फोर्डच्या तीन गाड्या पहिल्या तीन क्रमांकांनी आल्या आणि विजय केन माइल्स व डेनी हुल्म यांच्या हातून निसटून ब्रूस मॅक्लारेन व क्रिस एमन यांच्या पदरात पडला, ती हकीकत त्यात आहे. चित्रपट मीही पाहिला आहे. माइल्सवर झालेला अन्याय त्यात चांगला रंगला आहे, पण रात्र मला अपुरी वाटली, आणि ही शर्यत माझ्या समजुतीने मुख्यतः रात्रीची आहे.

मोनॅकोविरुद्ध माझे म्हणणे मी शक्य तितक्या सौम्यपणे मांडले. तेथील मार्ग गावातल्या रस्त्यांवरचा, एका फेरीत पुरता साडेतीन किलोमीटरही नव्हे. पुढच्या गाडीला मागे टाकण्यास जागा जवळजवळ नाही. आणि सगळा मामला दोन तासांच्या आत आटोपतो. दोन तासांसाठी सात समुद्र ओलांडायचे आणि त्यातही मुख्यतः श्रीमंतांच्या नौका पाहायच्या, हे मला पटेना. दिल्लीजवळ 2011 पासून तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली, तेव्हा मेहुणे एकदा तेथे जाऊन आले होते. तिन्ही वर्षे सेबास्टियन व्हेटेलच जिंकल्यामुळे त्यांच्या मनात त्या प्रकाराविषयी एक प्रकारचे वैराग्य आधीच उत्पन्न झालेले होते, आणि त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला. ल माँला बासष्ट गाड्या एकाच वेळी एकाच रस्त्यावर धावतात, आणि त्या सगळ्या एका जातीच्या नसतात. हायपरकार नावाच्या अतिवेगवान गाड्या, त्यांच्याहून एक पायरी खालच्या गाड्या, आणि दुकानात विकत मिळणाऱ्या स्पोर्ट्‌स मोटारींशी उघड नाते सांगणाऱ्या गाड्या, अशा तीन वर्गांच्या तीन शर्यती एकमेकींत गुंतून चालतात. वेगवानाने मंदाला चुकवायचे आणि मंदाने मागून येणाऱ्याचे दिवे आरशात ओळखून वाट द्यायची, हे काम अंधारात, पावसात, अर्धवट झोपेत चोवीस तास करायचे. प्रत्येक गाडीला तीन चालक. "मग हे गाडीपेक्षा शिफ्टचं काम झालं," असे मेहुणे म्हणाले, आणि तेथे वाद संपला, कारण शिफ्टचे काम त्यांना कळते.

रात्रीचा हा हट्ट कशासाठी, याचा उलगडा शर्यतीच्या जन्मकथेत आहे. या परगण्याला मोटारींचे वेड जुनेच. जगातली पहिली ग्राँ प्री म्हणतात ती 1906 च्या जून महिन्यात येथेच, शंभर किलोमीटरांहून लांब अशा एका त्रिकोणी मार्गावर झाली आणि हंगेरियन वंशाच्या फेरेन्स सिसने ती रेनॉ गाडीतून जिंकली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 8 ऑगस्ट 1908 रोजी, विल्बर राइटने युरोपातले आपले पहिले जाहीर उड्डाण केले ते गावालगतच्या युनोदिएर येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरून. तेव्हा वेगाला येथे आधीपासून अभय होते. पण महायुद्धानंतर लोकांच्या दारात ज्या मोटारी उभ्या राहू लागल्या, त्यांचे विजेचे दिवे बेभरवशाचे, आणि स्टार्टरही तसेच. ग्राँ प्रीच्या हलक्या, उघड्या, एकाच कामासाठी बांधलेल्या गाड्यांवरून या गोष्टींची पारख होईना. म्हणून स्थानिक मोटार क्लबचे जॉर्ज द्युराँ, पत्रकार शार्ल फारू आणि चाकांच्या एका कंपनीचे एमिल कोकिय अशा तिघांनी मिळून ठरवले की, गाडी चोवीस तास पळवावी. म्हणजे दिव्यांना रात्र मिळेल आणि मालकाला खरे काय ते कळेल. 26 मे 1923 रोजी, पावसात, पहिली शर्यत सुटली. लागाश आणि लेओनार या जोडीने शनार-वॉकर गाडीतून चोवीस तासांत 2,209 किलोमीटर कापले. 2025 साली जिंकलेल्या फेरारीने कापलेले अंतर 5,273 किलोमीटर भरते. या दोन आकड्यांच्या मधल्या शतकात मोटारीच्या दिव्यांचे, ब्रेकचे आणि टायरांचे जे काही झाले, त्याचा बराचसा हिशेब याच गावच्या दप्तरी नोंदलेला आहे.

असल्या जागी एकदम जूनमधल्या गर्दीत जाऊन उभे राहणे म्हणजे बाजाराच्या दिवशी गाव पाहणे. म्हणून ऑक्टोबरात पुतण्याकडे मुक्काम होता तेव्हा आगाऊ पाहणी करून घ्यावी असे मनात आले. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून सुटणारी वेगवान गाडी तासाभरात ल माँला पोचवते. गाव जुने आहे. रोमनांनी बांधलेली तटबंदी, विटा आणि दगड यांच्या नक्षीची, अजून उभी आहे, आणि इंग्लंडचा दुसरा हेन्री 1133 साली येथे जन्मला याचा गावाला यथायोग्य अभिमान आहे. सेंट ज्युलियनचे कॅथीड्रल बाहेरूनच पाहिले आणि ट्रामने दक्षिणेकडे निघालो. ट्राम शेवटच्या थांब्याला थेट शर्यतीच्या मैदानाजवळ सोडते, ही बाब मी वहीत अधोरेखित करून ठेवली. शर्यतीच्या दिवसांत भाड्याच्या मोटारीपेक्षा ही ट्राम अधिक उपयोगाची.

मैदान हा शब्द मात्र येथे अर्धाच लागू पडतो. शर्यतीचा मार्ग 13 किलोमीटर 626 मीटरांचा, आणि त्यातला मोठा भाग वर्षभर सामान्य रहदारीचा सरकारी रस्ता असतो. तेर्त्र रूजच्या वळणापासून मुल्सान गावापर्यंतचा जो प्रख्यात सरळ टप्पा, तो तूर शहराकडे जाणारा नेहमीचा हमरस्ता आहे. पुतण्याने भाड्याची गाडी त्यावर घातली. दोन्ही बाजूंना झाडे, मधूनमधून घरे, एखादे दुकान. परंतु रस्त्याच्या कडेने पोलादी पन्हाळीच्या पट्ट्या एकावर एक अशा चढवलेल्या, जाड बोल्टांनी आवळलेल्या, आणि त्या पट्ट्यांच्या मागे एखाद्या बंगल्याचे फाटक, फाटकावर टपालाची पेटी. पेटीवरचे नाव वाचता येईल इतक्या सावकाश आम्ही चाललो होतो. 1988 साली याच टप्प्यावर रोझे दोर्शीच्या गाडीने ताशी 405 किलोमीटरांचा वेग गाठला होता. पुतण्या वेगमर्यादा काटेकोर पाळणारा, त्यामुळे टपालखात्याच्या पिवळ्या मोटारीने आम्हांला मागे टाकले. 1990 पासून या सहा किलोमीटरांच्या सरळ रेषेत दोन ठिकाणी मुद्दाम वाकणे घातली गेली, कारण दोन किलोमीटरांहून लांब सरळ रस्त्याला आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्यता नाकारली; ही वाकणे हमरस्त्याला बगल देऊन पुन्हा त्यालाच मिळतात, आणि एरवी बंद असतात. मुल्सानला रहदारीसाठी गोल चौक आहे, शर्यतीसाठी त्याला चुकवणारा वेगळा तुकडा आहे. तेथून उजवीकडे वळून झाडीतून आर्नाजपर्यंत गेलो आणि गाडी बाजूला लावून उतरलो. आर्नाजचे वळण सगळ्या मार्गावर सर्वांत मंद, जवळजवळ काटकोनी. त्याच्या आतल्या बाजूला काँक्रीटची जी कड आहे तिच्यावर रंगाचे पट्टे ओढलेले. त्यांवर रबर बसून बसून ते काळे पडलेले, आणि कडेची धार घासून इतकी गुळगुळीत झालेली की हात फिरवला तर जिन्याच्या जुन्या कठड्याला लावल्यासारखा वाटे. चालकांना येथे शंभराच्याही खाली यावे लागते, म्हणून प्रेक्षकाला गाडीचा तपशील येथेच दिसतो. तापून लाल झालेल्या ब्रेकच्या चकत्या रात्री पाहायच्या तर येथे, अशी नोंद मी तेथल्या तेथे केली.

मुख्य सज्ज्यासमोर मात्र मन रमले नाही. 1952 साली पिएर लेवेग या फ्रेंच चालकाने जोडीदाराला गाडी न देता एकट्याने जवळजवळ तेवीस तास टाल्बो चालवली. तो पुष्कळ पुढे होता आणि तासाभराहून थोडा अधिक वेळ उरला असताना त्याचे इंजिन मोडले. विजय मर्सिडीजला मिळाला. त्या सामर्थ्याची आठवण ठेवून मर्सिडीजने 1955 साली त्याला आपल्या संघात घेतले. 11 जूनच्या संध्याकाळी माइक हॉथॉर्न आपली जॅग्वार पिटकडे घेत असता मागची ऑस्टिन-हीली बाजूला झाली, आणि तिच्यामागून प्रचंड वेगाने येणारी लेवेगची मर्सिडीज तिच्यावर आदळून प्रेक्षकांच्या बाजूच्या बांधावर उडाली. इंजिन आणि पुढचा भाग गर्दीतून आरपार गेला. लेवेग गेला, आणि त्याच्याबरोबर ऐंशीहून अधिक प्रेक्षक गेले. शर्यत थांबवली नाही. लाखोंचा जमाव एकदम रस्त्यावर आला तर रुग्णवाहिकांची वाट अडेल, हे अधिकाऱ्यांनी दिलेले कारण. आणि थंड डोक्याने विचार करता ते मला योग्य वाटते. जे योग्य वाटत नाही ते दुसऱ्या दिवशीचे, विजेत्याने हसत शॅम्पेन प्यालेले छायाचित्र. मर्सिडीजने मध्यरात्रीनंतर आपल्या उरलेल्या गाड्या काढून घेतल्या. स्वित्झर्लंडने आपल्या देशात असल्या शर्यतींवर घातलेली बंदी कित्येक दशके टिकली. आणि ल माँच्या मुख्य रस्त्याची रुंदी, पिटची व सज्ज्याची बांधणी पुढच्याच वर्षी बदलण्यात आली. आज तेथे उभे राहिले की रस्ता आणि माणूस यांच्यामधले अंतर पाहून हायसे वाटते, आणि ते अंतर कोणी व कशी किंमत मोजून मिळवले हेही कळते. सौभाग्यवतींना मी हा सगळा मजकूर पुण्यास आल्यावर सांगितला. त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, मग आपण लांबच बसू." मागच्या रांगेतल्या जागांचा निर्णय असा झाला.

पाहणीमुळे एक गोष्ट मात्र लख्ख झाली. ही शर्यत कोणालाही संपूर्ण दिसत नाही. साडेतेरा किलोमीटरांच्या मार्गातला जो दोन-तीनशे मीटरांचा तुकडा समोर असेल तेवढाच माणसाला दिसतो, आणि गाडी तेथून एकदा गेली की पुन्हा यावयास साडेतीन मिनिटे लागतात. तेव्हा काय पाहायचे याहून काय सोडायचे हे ठरवणे, हाच येथल्या तजविजीचा गाभा आहे. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या मैफली जेव्हा रात्रभर चालत, तेव्हा जाणते श्रोते कोणत्या गायकाला बाहेर जाऊन चहा प्यायचा, कोणाला सतरंजीवर पडून ऐकायचे आणि पहाटेच्या रागासाठी किती वाजता उठून बसायचे, हे आधीच मुक्रर करून येत. तसाच काहीसा कार्यक्रम मी आखला आहे. शनिवारी चार वाजता सुरुवातीला मुख्य सज्ज्यात. संध्याकाळी टायरच्या आकाराच्या त्या डनलॉप पुलाजवळच्या टेकाडावर, जेथून गाड्या चढ चढून पलीकडे तेर्त्र रूजकडे उतरताना दिसतात. जूनमध्ये तेथे सूर्य दहाच्या सुमारास मावळतो आणि सहाच्या सुमारास उगवतो. तेव्हा आपल्याकडच्या हिशेबाने रात्र फार तोकडी. अंधार पडला की बसने आर्नाजला, ब्रेकच्या चकत्यांसाठी. दोन ते पाच झोप. पाचनंतर पोर्शच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वळणांवर. कारण रात्रभर जागलेल्या चालकाचे हात सैल झालेले असतात का, हे त्या वेगवान डाव्या-उजव्या वळणांच्या मालिकेत पहाटे दिसते.

झोपेचा हा हिशेब चालकांनाही चुकलेला नाही, किंबहुना तो नियमानेच बांधून दिलेला आहे. एका चालकाने सहा तासांच्या अवधीत चारांहून अधिक तास आणि सबंध शर्यतीत चौदांहून अधिक तास गाडी चालवता कामा नये. लेवेगचा पराक्रम आज कायद्यानेच अशक्य आहे. हा नियम वाचून मी मंडळींनाही लागू केला. कोणीही सलग सहा तासांत चार तासांहून अधिक उभे राहावयाचे नाही. मेहुण्यांनी त्याला हरकत घेतली, पण कारखान्यातल्या ओव्हरटाइमचे दाखले देऊन घेतली, म्हणून ती फेटाळण्यात आली.

तिकिटांची व्यवस्था प्रथमदर्शनी जाचक वाटते, समजल्यावर सरळ आहे. सर्वसाधारण प्रवेशाचे तिकीट निराळे, सज्ज्यातल्या जागेचे निराळे, तंबू ठोकण्याच्या जागेचे निराळे, मोटार उभी करण्याचे निराळे. विक्री आदल्या वर्षाच्या शरदातच सुरू होते, आणि अलीकडे तीन लाखांहून अधिक लोक येतात म्हणून ती लवकर आटोपतेही. गावातली हॉटेले वर्षभर आधी भरतात. उरतो तंबू. मेझों ब्लाँश, ऊ, बोसेजूर अशी तंबूंच्या मैदानांची नावे आहेत. इंग्लंडातून बोटीने मोटारी घालून येणारे लोक वर्षानुवर्षे एकाच मैदानावर उतरतात आणि शेजारी कोण येणार हे त्यांना ठाऊक असते. आमच्या मंडळींत गुडघ्यांच्या तक्रारी पुष्कळ, म्हणून तंबू तरुणांसाठी, आणि वडीलधाऱ्यांसाठी आगगाडीने अर्ध्यापाऊण तासावरच्या एका लहान गावी खोल्या, अशी वाटणी झाली. शुक्रवारी मात्र सगळ्यांनी गावातच राहावयाचे. त्या दिवशी चालकांची जुन्या मोटारींतून मिरवणूक निघते, आणि एरवी शिरस्त्राणाच्या आड असलेले चेहरे पाहावयास मिळतात.

आता कागद. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो, तेव्हा जूनमधल्या शर्यतीसाठी डिसेंबरातच दप्तर तयार ठेवलेले बरे. बँकेचे खातेउतारे, प्राप्तिकराची विवरणपत्रे, निवृत्तिवेतनाचा दाखला, किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा, जाण्यायेण्याची आरक्षणे, मुक्कामाचा पुरावा, आणि फी नव्वद युरो. नातेवाइकाच्या घरी उतरणाऱ्यांसाठी यजमानाने आपल्या नगरपालिकेकडून रीतसर दाखला काढून पाठवावा लागतो, आणि तो पुतण्याने तेथल्या कचेरीत घराची कागदपत्रे दाखवून मिळवला. मेहुणे प्रवासाच्या प्रयोजनाच्या रकान्यात "पर्यटन" लिहावयास तयार होईनात. "शर्यत बघायला जातोय, पर्यटन कसलं?" मी त्यांना सोबतच्या पत्रात सगळे सविस्तर लिहिण्याची मुभा दिली. त्यांनी दोन पाने लिहिली. त्यांतली दीड पाने डिझेल इंजिनांवर आहेत, कारण ऑडीने 2006 साली डिझेलवर ही शर्यत प्रथम जिंकली या गोष्टीचे त्यांना अजून नवल वाटते. अधिकाऱ्यांना ती पाने वाचावयास वेळ होईल असे मला वाटत नाही. पण दस्तऐवजात सत्य असावे हे त्यांचे म्हणणे मान्य करावे लागते.

शिदोरीचा प्रश्न याहून बिकट निघाला. ल माँची प्रसिद्धी खाण्याच्या बाबतीत आहे ती रियेत नावाच्या पदार्थाबद्दल, आणि तो डुकराच्या मांसाचा. आमच्यातले निम्मे लोक शाकाहारी. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दूध यांचे पदार्थ बरोबर नेता येत नाहीत. मेतकूट, लसणीची चटणी, भडंग यांना वाट मोकळी आहे. पेढे वगळावे लागले. वाद पेटला तो दशम्यांवरून. दशमीचे पीठ दुधात भिजवतात. भाजल्यावर त्या दुधाचे दूधपण उरते काय, यावर आमच्या स्वयंपाकघरात जो शास्त्रार्थ झाला त्यात सौभाग्यवतींनी शेवटी निवाडा दिला की पाण्यात भिजवलेल्या, तेलात भाजलेल्या तिखटमिठाच्या पोळ्या नेऊ. सीमाशुल्काच्या माणसाला मराठी पाकशास्त्र समजावत बसण्याची कोणाची तयारी नव्हती. बाकीचे सामान फारसे नाही. कानांत घालण्याची बोळकी प्रत्येकी दोन जोड, कारण एक हमखास हरवतो. पावसाचे अंगरखे. घडीच्या खुर्च्या तेथेच घ्याव्यात. आणि एक लहान ट्रान्झिस्टर, एफएमच्या 91.2 वर रेडिओ ल माँ चोवीस तास इंग्रजीतून वृत्तान्त सांगतो, आणि त्याच्यावाचून अंधारात कोण पहिला आणि कोण दहावा हे कळणे अशक्य. पाऊस ही तेथे शोभेची गोष्ट नव्हे. 2024 साली रात्री इतका कोसळला की चार तासांहून अधिक काळ सगळ्या गाड्या सेफ्टी कारच्या मागे संथपणे फिरत राहिल्या. त्या रात्रीचे झोपेचे वेळापत्रक ज्यांनी आखले असेल ते सुखी म्हणावयाचे.

भारतीयांचा या शर्यतीशी संबंध अल्प आहे, पण आहे. नारायण कार्तिकेयन 2009 साली ऑडी चालवण्यासाठी तेथे गेला होता. शर्यतीच्या आधी पिटची भिंत ओलांडताना खांदा निखळला आणि त्याला गाडीत बसताच आले नाही. 2012 साली करुण चंढोक धावला आणि त्याची गाडी एकंदरीत सहावी आली. ज्या पुण्या-चाकणात इतक्या मोटारी जन्मतात तेथून अद्याप या शर्यतीची वार्ता घरोघर पोचलेली नाही, याचे मला वैषम्य वाटते. मेहुण्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना मी विचारले, तर त्यांना जॅकी इक्सचे नावही ठाऊक नव्हते. पूर्वी चालकांनी रस्त्याच्या एका बाजूला उभे राहायचे आणि झेंडा पडताच धावत जाऊन पलीकडच्या गाडीत उडी मारायची, अशी सुरुवात असे. घाईत पट्टा बांधायचा कोण? 1969 साली बाकीचे धावले, पण इक्स सावकाश चालत गेला, नीट बसला, पट्टा बांधला आणि सर्वांत शेवटी निघाला. पट्टा न बांधता निघालेला जॉन वुल्फ पहिल्याच फेरीत मरण पावला. चोवीस तासांनंतर इक्स जिंकला, तो साधारण सव्वाशे मीटरांनी. पुढच्या वर्षापासून धावती सुरुवात बंद झाली.

रविवारी तीन वाजताच निघून स्थानक गाठावे म्हणजे गर्दी लागणार नाही, अशी सूचना मेहुण्यांची होती. तिच्यावर मी 2016 चा दाखला पुढे केला. त्या वर्षी तीनच मिनिटे उरली असताना सर्वांच्या पुढे असलेली काझुकी नाकाजिमाची टोयोटा मुख्य सज्ज्यासमोरच शक्ती गमावून बसली आणि विजय पोर्शला गेला. टोयोटाला आणखी दोन वर्षे थांबावे लागले. तीन वाजता स्थानकावर असलेल्या माणसाने ते चुकवले असते. सूचना मागे घेण्यात आली. शर्यत संपल्यावर तेथे प्रेक्षकांना रस्त्यावर उतरू देतात, आणि विजेत्यांचा समारंभ त्या गर्दीसमोर होतो. तेवढे चालण्याइतके गुडघे शाबूत ठेवावे लागतील.

आमची तिकिटे हाती आली आहेत. पुढच्या खेपेस ज्या वाचकांना जावयाचे असेल त्यांनी तिकिटांची तजवीज दिवाळीच्या आसपास करावी, व्हिसाचा अर्ज डिसेंबर-जानेवारीत द्यावा, आर्नाजला रात्री अवश्य जावे, आणि परतीचे आगगाडीचे आरक्षण रविवार संध्याकाळचे न करता सोमवार सकाळचे करावे.